पगारी सोबत

आईबाबांनी मला परदेशात शिकायला पाठवलं तेव्हा माझ्या आधी तिथे नळ पोचले होते. बाबांचा नळांचा कारखाना आहे. कोणाच्याही घरी गेले की ते आधी बेसिनपाशी जातात, नळ उघडतात, बंद करतात आणि "हं" म्हणतात. त्या "हं"वरून आम्हाला कळतं, नळ आपला आहे की परका. आपली मुलगी शिक्षण संपेपर्यंत परक्या नळाखाली हात धुणार, हे त्यांना सहन होणं शक्यच नव्हतं. त्यांनी फ्लॅट विकत घेतला, त्यातले धडधाकट नळ काढायला लावले आणि आपले पाठवून बसवून घेतले. आटे जुळेनात. तिथल्या प्लंबरने तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत जोडकाम केलं, आणि स्वयंपाकघरातला नळ तेव्हापासून एकदाही नीट बंद झालेला नाही. बाबांना हे आम्ही सांगितलेलं नाही.

आई आधी येऊन महिनाभर राहिली आणि तिने घर भरलं. दोन बेडरूम, हॉलमध्ये एक लांबच लांब सोफा, कॉफीचं एक यंत्र ज्याचं माहितीपुस्तक माझ्या क्रमिक पुस्तकापेक्षा जाड होतं. कपाटात थंडीच्या प्रत्येक पायरीसाठी वेगळा कोट. खाली तळघरात गाडी. मला तिथलं लायसन्स नव्हतं, पण बाबांचं म्हणणं, "लायसन्स निघेल तेव्हा गाडी शोधत बसायचं का?"

अशा मुलींबद्दल लोक काय बोलतात ते मला ठाऊक आहे. बापाच्या जिवावर उड्या मारणारी, लाडावलेली कार्टी. असेन. मला मऊ गादी आवडते आणि ती टोचते असं मी कोणाला बरं वाटावं म्हणून सांगणार नाही. मी ब्रँड व्यवस्थापन शिकत होते, म्हणजे नक्की काय ते मला अजूनही धड सांगता येत नाही. तक्रार एवढीच होती की संध्याकाळी घरी यावं तर फ्रिजचा आवाज ऐकू यायचा. दुसरा आवाजच नाही. सुरुवातीचे दिवस मी व्हिडिओ कॉलवर नाक पुसत बसायचे, आणि मी रडले की डिलिव्हरी यायची. आधी मोठा टीव्ही आला. मग पाय दाबणारी खुर्ची आली. त्या खुर्चीत बसून रडायला मात्र बरं वाटायचं, हे कबूल करायला हवं.

आमच्या घरची रीतच ती. बाबांच्या कारखान्यातून सहसा कोणी सोडून जात नाही. एखाद्या कारागिराचं तोंड उतरलेलं दिसलं की बाबा त्याला केबिनमध्ये बोलावतात, बसवतात, विचारतात, आणि मग कोणाच्या घरावर छप्पर चढतं, कोणाच्या मुलीची फी भरली जाते, कोणाला स्कूटर मिळते. हा देखावा नाही. बाबांना खरंच लोकांचं वाईट वाटतं. पण एवढं करूनही कोणी गेलाच, तर ते कित्येक दिवस जेवताना मधेच थांबून म्हणतात, "काय कमी केलं होतं आपण त्याला?" आणि त्यांना खरोखर कळत नाही.

माझं रडणं टीव्हीने आणि खुर्चीने थांबेना, तेव्हा आईने एक दिवस सांगितलं, "अगं, एक मुलगी येतेय तिकडे शिकायला. ओळखीतल्यांच्या ओळखीतली आहे. चांगल्या घरची, हुशार. तिला खोली हवीय. तुझी दुसरी खोली रिकामीच आहे, तर देऊया भाड्याने?"

मी म्हटलं, "दे. निदान फ्रिजला तरी सोबत होईल."

ती आली ती एक बॅग आणि जॅमच्या रिकाम्या बाटल्यांनी भरलेलं एक खोकं घेऊन. ती माझ्याच कॉलेजात मातीचा अभ्यास करत होती. लवकरच त्या बाटल्यांमध्ये वेगवेगळ्या रंगांची माती आली आणि आईने खास मागवलेल्या खिडकीच्या संगमरवरी पट्टीवर त्या ओळीने बसल्या. तिचे वडील बसडेपोत मेकॅनिक, आणि शिष्यवृत्तीवर एवढ्या लांब आलेली ही घरातली पहिलीच. आल्या आल्या तिने घरातले निम्मे दिवे बंद केले. जेवण लवकर, झोप लवकर, साबण अर्धा कापून वापरायचा. मी तिचं नाव पेन्शनर ठेवलं. ती मला महाराणी म्हणायची, आणि त्यात लाड अजिबात नसायचा.

"महाराणी, कपडे धुवायला बाहेर का देतेस? घरात मशीन आहे."

"मला ते चालवता येत नाही."

"एक बटण आहे."

"कोणतं?"

तिने कपाळावर हात मारला, पण दाखवलं.

ती काही संत नव्हती. घोरायची. प्रत्येक गोष्टीत तिचंच खरं असायचं. माझं महागडं चीज ती इतकं पातळ कापून खायची की कापलेलं कळू नये, आणि तरीही ते आठवड्यात निम्मं व्हायचं. एरवी दिव्यांवरून माझ्याशी भांडणारी ही बाई टबात कढत पाणी भरून इतका वेळ बसायची की बाहेर येताना लाल झालेली असायची. "पाण्याचं बिल दिव्यात धरू नये," असं तिचं स्पष्टीकरण. रविवारी मात्र ती कोट घालून बाल्कनीत जायची आणि थंडीत कुडकुडत बराच वेळ फोनवर बोलायची. कोणाशी बोलतेस असं विचारलं तर म्हणायची, "मावशींशी." मला वाटायचं, काय तरी मावशीभक्त पोरगी आहे. माझ्या आईचा फोन त्याच दिवशी यायचा. "जेवलीस? पैसे आहेत ना? बरं." संपला फोन. मला बोलण्यासारखं काही सुचायचं नाही, आणि आईलाही आताशा सुचत नसावं असं मला वाटायचं.

एकदा मी सगळ्या वर्गासमोर बोलायला उभी राहिले आणि मधेच सगळं विसरले. नुसती उभी. घरी येऊन मी बाथरूमचं दार लावून घेतलं आणि बाहेर येईना. पेन्शनरने दार वाजवलं, हाक मारली, मग गप्प झाली. थोड्या वेळाने बाहेरून तिचा वाचण्याचा आवाज यायला लागला. दाराला टेकून बसून ती मला चिकणमातीवरचं अख्खं प्रकरण वाचून दाखवत होती. कणांचा आकार, पाणी धरून ठेवण्याची क्षमता, कोरडी पडल्यावर पडणाऱ्या भेगा. तक्त्यांतले आकडेसुद्धा सोडले नाहीत. शेवटी कंटाळून मी दार उघडलं. ती म्हणाली, "अजून गाळाची माती राहिलीय." मी इतकी हसले की परत रडू आलं. त्या दिवसापासून मी कॉलेजात सगळ्यांना सांगायला लागले की ही माझी मैत्रीण. मला त्याआधी मैत्रीण नव्हती असं नाही, पण बाकीच्या माझ्या घरी पार्टीला यायच्या आणि पार्टी संपली की जायच्या.

मग कंपनीचा वर्धापनदिन आला. त्या दिवशी बाबा सगळ्यांना जॅकेट देतात. छातीवर पाण्याच्या थेंबाचं चिन्ह, खाली ज्याचं त्याचं नाव. रंग दोनच. पगारावर असलेल्यांना निळं, घरच्यांना मरून. हा रंगांचा कारभार आमच्याकडे फार गंभीरपणे घेतला जातो. एकदा आतेभावाला चुकून निळं गेलं, तर आत्या वर्षभर आमच्याकडे फिरकली नाही. मला लहानपणापासून मरून मिळतं, आणि एकही मी कधी घातलेलं नाही.

त्या दुपारी खोकं आलं. पेन्शनर घरी नव्हती. मी उघडलं तर आत दोन जॅकेटं. एक मरून, माझं. दुसरं निळं. त्यावर पेन्शनरचं नाव.

मला आधी हसू आलं. वाटलं, आईने हौसेने तिच्यासाठीही करून घेतलं आणि नेहमीसारखा रंगाचा घोळ झाला. मी कारखान्यातल्या स्टोअरकाकांना फोन लावला. ते मला कडेवर घेऊन फिरवणाऱ्यांपैकी.

"काका, ते निळं चुकून आलं का?"

"चुकून कसं येईल? यादीत नाव आहे ना बाई तिचं. तुमचाच पत्ता दिसला, म्हटलं एका खोक्यात घालू, पाठवायचा खर्च वाचेल. का, माप बरोबर नाही का?"

"कसली यादी?"

"पगाराची. दुसरी कुठली असते?"

काकांच्या आवाजात जराही खोट नव्हती. पगार घेणाऱ्या प्रत्येकाला जॅकेट मिळालंच पाहिजे, शिपाई असो नाहीतर मॅनेजर, हा नियम बाबांचा. तो नियम परदेशात मुलीच्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या मुलीलाही लागू होतो, एवढं काही बाबांच्या ध्यानात आलं नव्हतं.

मी फोन ठेवला आणि जॅकेट सोफ्यावर पसरून ठेवलं. मला आईचा राग आला नाही, बाबांचा आला नाही. एकच गोष्ट डोक्यात घोळत होती, चिकणमातीचं प्रकरण. ते कामाचा भाग होतं का?

पेन्शनर आली, बूट काढले, सोफ्याकडे पाहिलं. रंगांचं तिला काही माहीत नव्हतं, पण शेजारी माझं मरून होतं आणि समोर माझं तोंड होतं. तिला कळलं.

"माझ्याबरोबर राहायचा पगार मिळतो तुला?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. आढेवेढे नाहीत, काही नाही. "खोली, आणि वर पगार."

"काम काय असतं?"

"तू जेवतेस का बघायचं. घरी वेळेवर येतेस का, आजारी आहेस का. रविवारी मावशींना सांगायचं. तुझ्या आईला."

"आणि माझ्या विनोदांना हसायचं? त्याचा ओव्हरटाइम मिळतो का?"

"तुझ्या विनोदांना मी हसत नाही," ती म्हणाली. हे खरं होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तुला माहीत आहे. आठवडाभराने लक्षात आलं, नाहीये. मावशी म्हणाल्या, नको सांगूस, तिला लागेल."

"म्हणजे इतके दिवस मैत्रिणीचं नाटक करत होतीस."

आता ती चिडली. "मी कधी म्हटलं, मी तुझी मैत्रीण आहे? आठवून बघ. तूच सगळीकडे सांगत फिरतेस."

मी आठवून पाहिलं. तिने कधीच म्हटलं नव्हतं. मला ते इतकं झोंबलं की मी माझ्या खोलीत जाऊन दार लावलं, आणि या वेळी बाहेरून कोणी काही वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी घरी व्हिडिओ कॉल केला. मी काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. आईने ते सगळं ऐकून घेतलं आणि ती जराही शरमली नाही.

"मग माझं काय चुकलं सांग," ती म्हणाली. "तू रोज रडायचीस. घरात सगळं होतं, माणूस नव्हतं. ते दिलं. तुला ताप आला तेव्हा उशाशी कोण बसलं? मी इतक्या लांबून बसणार होते?"

"अगं पण पगार देऊन?"

मागून बाबांचा आवाज आला. "का? वेळेवर जात नाहीये का तिचा पगार?"

"बाबा, प्रश्न तो नाहीये."

"मग कमी पडतो का? तसं सांग ना. वाढवू."

मी हताश होऊन आईकडे पाहिलं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. हळूच म्हणाली, "आणि ती बोलते गं माझ्याशी. तू काय खाल्लंस, कोणता कोट घालून गेलीस, कशावरून भांडलात, सगळं सांगते. तू फोन ठेवायची घाई करतेस. रविवारी तिचा फोन येईपर्यंत मी कुठे जात नाही."

मी कॅमेरा बंद केला आणि म्हटलं, नेट गेलंय.

पण मी बाबांची मुलगी आहे. कोणी जाण्याची शक्यता दिसली की काहीतरी करून मोकळं व्हायचं, हे रक्तातच आहे. दोन दिवस आम्ही एकमेकींशी मोजकंच बोलत होतो, आणि त्या दोन दिवसांत मी सगळं ठरवून टाकलं. आईला तसं कळवलंही. मग संध्याकाळी स्वयंपाकघरात गेले. पेन्शनर भांडी विसळत होती.

"तुझी नोकरी संपली," मी एकदम खुशीत सांगितलं. "आईला सांगितलंय मी, पगार बंद. आता तू इथे फुकट राहायचं. माझी मैत्रीण म्हणून."

मला वाटलं होतं, ती निदान हसेल. तिने नळ बंद केला. तो अर्थातच गळत राहिला.

"कोणी ठरवलं?"

"मी."

"मला विचारलंस?"

"अगं, यात विचारायचं काय? तुझ्याच भल्याचं आहे."

"माझं भलं?" ती म्हणाली. "शिष्यवृत्ती फीतच संपते, पगार बंद झाला तर मी खर्च कशातून करू? बरं, ते जाऊ दे, ते मी बघेन. पण तुझ्या घरात फुकट राहायला लागले की मी कोण झाले? आश्रित. आता मी तुला सांगते, दिवा बंद कर, लोळत पडू नकोस, हे खाऊ नकोस. फुकट राहून सांगता येईल का? तुझं चीज खाते ते कामाचा भाग समजून खाते. उद्या ते खाताना मला तुझ्या तोंडाकडे बघावं लागेल."

"तू चीज खाल्लेलं मला कळतं हे तुला माहीत होतं?"

"अर्थात माहीत होतं."

"ठीक आहे. मग पगार चालू ठेवू. होतं तसंच राहू दे. मला चालेल."

तिने हात पुसले आणि खुर्ची ओढून बसली. मग म्हणाली, "आता तेही जमणार नाही. आता तुला माहीत झालंय. मी हसले की तू बघणार, ही खरी हसली की नोकरीतलं हसली. आणि खरं सांगू? मलाच ते सांगता येत नाही. त्या दिवशी मी बाथरूमच्या दाराशी बसले तेव्हा तुझी काळजी वाटली म्हणून बसले की रविवारी मावशींना सांगायला लागेल म्हणून बसले, मला खरंच माहीत नाही. मला ते माहीत करून घ्यायचंय. इथे राहून नाही कळणार."

मी रडायला लागले. रडत रडत म्हटलं, "काय कमी केलं मी तुला?"

शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मला माझाच आवाज बाबांचा वाटला. तीच तक्रार, तेच खरोखर न कळणं. पेन्शनर म्हणाली, "काही नाही. तू काहीच कमी केलं नाहीस," आणि उठून राहिलेली भांडी विसळायला लागली.

महिना संपल्यावर ती गेली. शहराच्या दुसऱ्या टोकाला तिघींमध्ये एक खोली मिळाली होती, आणि एका मोठ्या दुकानाच्या गोदामात संध्याकाळचं माल भरायचं काम. मातीच्या बाटल्या ती स्वतःच्या मांडीवर धरून टॅक्सीत बसली. टॅक्सीचे पैसे मी देते म्हटलं, तर तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी पर्स बंद केली. निरोप घेताना ती म्हणाली, "कळवते," पण कधी ते नाही म्हणाली.

आईला सांगितलं तेव्हा ती आधी हळहळली. मग म्हणाली, "दुसरी बघू का कोणी?"

"नको, आई."

"नाही म्हणजे, एक आहे नजरेत. हसरी आहे ही."

"आई, नको."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. त्याला दुसरा शब्द नाही. फ्रिजचा आवाज परत ऐकू यायला लागला. मी दिवे बंद करत फिरायचे, आणि त्याचा मला राग यायचा. कॉलेजात ती दिसायची, पण धावपळीत, डोळ्यांखाली काळं. हात वर करून पुढे जायची. तिला हवं होतं ते उत्तर मिळालं की नाही, मला समजत नव्हतं. तिला माहीत करून घ्यायचं होतं, मान्य, पण उत्तर आपल्याला नको असलेलं निघू शकतं याचा मी तोपर्यंत कधी विचार केला नव्हता. ज्या मुलीला आयुष्यात हवं ते मिळत आलं तिला वाट बघायची सवय नसते. मी कॉलेजच्या कँटीनमध्ये फोन टेबलावर उलटा ठेवायचे, म्हणजे तो वाजत नाही हे दिसू नये.

आणि एक दिवस निरोप आला. "मंगळवारी सुट्टी आहे. दुपारी ये." खाली पत्ता. त्याच्याही खाली, "येताना काही आणू नकोस."

मी नाचायचीच बाकी होते. मग मंगळवार उजाडला आणि मला घाम फुटला. काही न घेता कोणाकडे जायचं म्हणजे कसं जायचं? आमच्या घरात आजारी माणसाकडे, लग्नाला, साध्या चहालासुद्धा कोणी हात हलवत गेलेलं मी पाहिलेलं नाही. वाटेत फुलांचं दुकान लागलं, मी आत गेले आणि बाहेर आले. बेकरीत रांगेत उभी राहिले आणि माझा नंबर आला तेव्हा "सॉरी" म्हणून निघाले. ते चीज मिळणाऱ्या दुकानासमोर तर मी इतकी रेंगाळले की आतल्या बाईने दार उघडून विचारलं, काही हवंय का. बसमध्ये माझे हात कुठे ठेवावेत हे मला कळेना. मी ते खिशात घातले, काढले, परत घातले.

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. पेन्शनरने दार उघडलं आणि आधी माझ्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "ये."

आत तीन पलंग, मधे कपडे वाळत घातलेली दोरी, एकच टेबल. टेबलावर मातीच्या बाटल्या आणि कोणाचा तरी हेअर ड्रायर. बाकीच्या दोघी बाहेर गेल्या होत्या. बसायला खुर्ची नव्हती, म्हणून आम्ही तिच्या पलंगावर बसलो, भिंतीला पाठ टेकून. तिने कॉफी केली. पातळ होती. मी बोलायला लागले. माझ्याकडे खूप साठलं होतं. लायसन्सच्या परीक्षेत मी नापास कशी झाले, परीक्षकाने डोळे कसे मिटून घेतले, बाबांनी गाडी लहान आहे म्हणून नापास झालीस असं कसं ठरवलं. ही गोष्ट मी तिच्यासाठीच जपून ठेवली होती. बसमध्ये दोनदा मनात म्हणून पाहिली होती.

परीक्षकाने डोळे मिटले तिथपर्यंत आले आणि पाहते तर पेन्शनरनेही मिटलेले. आधी वाटलं, नक्कल करतेय. पण तिची मान कलली, आणि ओळखीचं घोरणं सुरू झालं.

मला भयंकर अपमान वाटला. आमच्या घरात असताना ती माझ्यासमोर कधी साधी जांभईसुद्धा द्यायची नाही. कितीही रटाळ बोलले तरी ताठ बसून ऐकायची. आणि आज, मी शहर ओलांडून आले, रिकाम्या हातांनी आले, तिने सांगितलं तशी आले, तर ही झोपली. मी कोट घेतला. दारापर्यंत गेलेसुद्धा.

मग मला सुचलं ते असं. ताठ बसून ऐकायची, तेव्हा ती कामावर होती. आज तिची सुट्टी होती. आणि आठवड्यातल्या त्या एकुलत्या सुट्टीत, झोप इतकी अनावर झालेली असताना, तिने मला बोलावलं होतं.

मी कोट परत काढला. तिच्या हातातला कप हळूच सोडवून घेतला, तिला आडवं केलं, अंगावर पांघरूण घातलं. एवढं होऊनही ती जागी झाली नाही. मी पलंगाच्या कडेला बसले. करण्यासारखं काही नव्हतं. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती. मी दोरीवरचे वाळलेले कपडे काढून घड्या घातल्या. वाईट घातल्या, पण घातल्या. परत येऊन बसले.

फोन थरथरला. आई होती. मी कुजबुजत म्हटलं, "आई, नंतर बोलते. ती झोपलीय."

"कोण झोपलीय? कुठे आहेस तू?"

"पेन्शनरकडे आलेय."

"अगं, मग ती झोपलीय तर तू तिथे काय करतेयस?"

"काही नाही," मी म्हटलं. "बसलेय."